रिपोर्टमध्ये ‘सीआयएन २’, म्हणजे गर्भाशयाच्या तोंडावरच्या पेशींतला मधल्या दर्जाचा कर्करोगपूर्व बदल, आले आहे. आधी उपचार करावेत की आधी बाळाचा विचार करावा?

नवी पालवी, पुणे

नमस्कार. माझे वय ३१ आहे. लग्नाला अडीच वर्षे झाली असून येत्या दिवाळीनंतर मुलाचा विचार करायचा, असे आम्ही दोघांनी ठरवले होते. त्याआधी सगळ्या तपासण्या एकदाच उरकून घ्याव्यात म्हणून डॉक्टरांनी थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि रुबेला यांच्या यादीतच पॅप स्मिअर, म्हणजे गर्भाशयाच्या तोंडावरच्या पेशींची तपासणीही लिहून दिली होती. मला कसलाही त्रास नव्हता. पाळी नियमित होती, अंगावरून जात नव्हते आणि संबंधांनंतर कधी रक्तही गेले नव्हते. त्यामुळे रिपोर्ट आणायला मी ऑफिसमधून येताना एकटीच गेले आणि लॅबच्या जिन्यात उभ्या उभ्याच पाकीट फोडले. त्यात एचएसआयएल, म्हणजे पेशींमध्ये वरच्या दर्जाचा बदल, असे लिहिले होते. असे बदल घडवणाऱ्या एचपीव्ही या विषाणूची चाचणीही केली, ती १६ क्रमांकाच्या प्रकारासाठी पॉझिटिव्ह आली.

मग कॉल्पोस्कोपी, म्हणजे तो भाग भिंगातून मोठा करून पाहण्याची तपासणी झाली. डॉक्टरांनी गर्भपिशवीच्या तोंडाला व्हिनेगरसारख्या वासाचे औषध लावले आणि पडद्यावर मलाही दाखवले. गुलाबी भागावर दुधावर साय धरावी तसा एक पांढरा पट्टा मिनिटभरात उमटला. तेथून दोन तुकडे काढून बायोप्सीला पाठवले आणि तिचा रिपोर्ट ‘सीआयएन २’ असा आला.

खरा घोळ यानंतर सुरू झाला. एका डॉक्टरांनी ‘पुढच्या आठवड्यात लूपने, म्हणजे विजेने तापणाऱ्या तारेच्या कडीने, तो भाग काढून टाकू, वाट पाहण्यात अर्थ नाही’ असे सांगितले. दुसऱ्या डॉक्टरांनी ‘तुम्हाला मूल हवे आहे ना, मग तोंड कापून घेऊ नका, आधी बाळंतपण होऊ द्या’ असा सल्ला दिला. दोघेही अनुभवी आहेत आणि दोघांनीही हे पाच मिनिटांत सांगितले. सासूबाईंचे मत असे की एक मूल होऊ द्यावे आणि मग पिशवीच काढून टाकावी, म्हणजे कायमची कटकट मिटेल. त्यांच्या मनात वाईट काही नाही, पण आत्येसासूबाईंनी ‘हा आजार येतो तरी कुठून?’ असे माझ्या तोंडाकडे बघत विचारले, तेव्हापासून घरात मला अवघडल्यासारखे झाले आहे.

लूप केल्यावर दिवस राहण्यात अडचण येते का, बाळ कमी दिवसांचे होते असे म्हणतात त्यात कितपत तथ्य आहे, आणि उपचार न करता गरोदर राहिले तर बाळाला किंवा मला धोका आहे का, एवढे मला समजून घ्यायचे आहे. ज्यांनी हे स्वतः अनुभवले आहे किंवा ज्यांना यातले कळते, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

माजघर, अमरावती

पालवीताई, घाबरू नका. माझ्या मावसबहिणीच्या रिपोर्टमध्येही असाच बदल आला होता. तिने काहीच केले नाही, वर्षभरात तिला मुलगी झाली आणि बाळंतपणानंतर केलेली तपासणी आपोआप नॉर्मल आली. तुम्हीही आधी मूल होऊ द्या, हेच बरे.

गोदाकाठ, नाशिक

माजघरताई, तुमच्या बहिणीचे चांगले झाले याचा आनंद आहे, परंतु तिचा रिपोर्ट सीआयएन १ होता की २ की ३, हे कळल्याशिवाय तो अनुभव दुसरीला लागू करता येत नाही. पहिल्या दर्जाचा बदल बहुतेक वेळा आपोआप जातो आणि तिसऱ्या दर्जाचे तसे नसते. नाव एकच वाटले तरी हे वेगवेगळे रस्ते आहेत, हे मला फार उशिरा कळले, म्हणून स्पष्ट लिहीत आहे.

पालवी, माझे लूप २९ व्या वर्षी झाले, सीआयएन ३ साठी. आज मला दोन मुले आहेत. दिवस राहायला मला दोन्ही वेळा त्रास झाला नाही. प्रयत्न सुरू केल्यावर पहिल्या वेळी चौथ्या महिन्यात आणि दुसऱ्या वेळी त्याहूनही लवकर राहिले. लूपचे काम भूल न देता, फक्त तेवढा भाग बधिर करून झाले. बधिर करण्याच्या इंजेक्शनने दोन मिनिटे छाती धडधडते, ती त्यातल्या औषधामुळे धडधडते असे सिस्टरांनी आधीच सांगितले होते म्हणून मी निभावले. तारेची लहानशी कडी असते, ती विजेने तापते, धूर ओढून घेणारी नळी घरघरते आणि केस जळल्यासारखा वास येतो. प्रत्यक्ष काम दहा मिनिटांत संपले. नंतर तीनेक आठवडे पाणी जात होते आणि मधूनमधून कॉफीच्या चोथ्यासारखे काळपट जात होते. रक्त थांबवण्यासाठी लावलेल्या औषधाचा तो रंग होता. चार आठवडे संबंध, पोहणे आणि जड उचलणे बंद होते.

आता मुद्द्याचे सांगते. माझ्या डिस्चार्जच्या कागदावर ‘लूप केले, रुग्ण ठीक’ एवढेच लिहिले होते. किती खोल कापले, हे कोठेही नव्हते. दोन वर्षांनी दिवस राहिले तेव्हा नव्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न तोच विचारला आणि मी नुसती बघत राहिले. त्या रुग्णालयात तीन चकरा मारल्यावर पॅथॉलॉजीच्या जुन्या रिपोर्टात तुकड्याचे माप सापडले, खोली १४ मिलिमीटर. तेवढ्या एका आकड्यावरून डॉक्टरांनी माझी सोनोग्राफी कशी करायची ते ठरवले. १६ व्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी आतून सोनोग्राफी करून पिशवीच्या तोंडाची लांबी मोजली. ती ३३ मिलिमीटर होती, मग २९ झाली आणि २२ व्या आठवड्यात २३ वर आली. त्या दिवशी घरी येताना मी रिक्षात एक शब्द बोलले नाही. रोज रात्री योनिमार्गात ठेवायच्या प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या सुरू झाल्या आणि मुलगा ३५ व्या आठवड्यात झाला. सहा दिवस त्याला काचेच्या पेटीत ठेवावे लागले. आज तो दुसरीत आहे आणि घरातल्या सगळ्यांपेक्षा जास्त बोलतो. धाकटी पूर्ण दिवसांची झाली.

म्हणून तुम्हाला एवढेच सांगेन की लूप करायचे ठरले तर आधी ‘किती खोल काढणार?’ असे विचारा आणि नंतर ‘किती खोल काढले?’ हे लिहून घ्या.

चिंचेचे झाड, लातूर

मध्येच विचारते, क्षमस्व. माझ्या पॅपच्या रिपोर्टात ‘इन्फ्लमेटरी स्मिअर’ असे आहे. हेही यातलेच का?

निवृत्त डॉक्टर, मिरज

मी ३० वर्षांहून अधिक काळ स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम केले. आता रुग्ण तपासत नाही, त्यामुळे खाली लिहिलेले सर्वसाधारण आहे आणि पालवीताईंचा निर्णय त्यांना प्रत्यक्ष तपासणाऱ्या डॉक्टरांसमोर बसूनच व्हायला हवा. लातूरच्या ताईंना आधी उत्तर देतो. ‘इन्फ्लमेटरी’ म्हणजे सूज किंवा जंतुसंसर्गाची खूण. तो कर्करोगपूर्व बदल नव्हे. स्राव, खाज किंवा दुर्गंधी असेल तर त्याचा उपचार करून घ्यावा, एवढेच.

आता पालवीताईंचा प्रश्न. आपल्याला दोन डॉक्टरांनी दोन टोकांचे सल्ले दिले, तरी त्यांतला एक अडाणी आणि दुसरा शहाणा असे समजू नये. सीआयएन २ हा मुळातच मधला दर्जा आहे आणि मूल हवे असलेल्या स्त्रीच्या बाबतीत उपचार करणे आणि ठरावीक काळ नजर ठेवणे, हे दोन्ही मार्ग आज मान्य आहेत. मात्र नजर ठेवणे याचा अर्थ विसरून जाणे असा होत नाही, आणि ‘आधी बाळंतपण होऊ द्या’ या वाक्यातून ऐकणाऱ्याला बहुतेक वेळा तोच अर्थ लागतो.

हे बदल कसे घडतात ते थोडक्यात सांगतो. पिशवीच्या तोंडावर बाहेरचे जाड आवरण आणि आतले नाजूक आवरण जेथे एकमेकांना भिडतात, त्या कडेवर पेशी सतत बदलत असतात आणि एचपीव्ही नेमका तेथे घर करतो. संबंध सुरू झालेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना हा विषाणू आयुष्यात केव्हा ना केव्हा होतो आणि बहुतेकांच्या शरीरातून दोनेक वर्षांत निघून जातो. काहींच्यात तो ठाण मांडून बसतो. गर्भाशयमुखाच्या कर्करोगांपैकी सुमारे ७० टक्के १६ आणि १८ या दोन प्रकारांमुळे होतात, त्यामुळे आपल्या रिपोर्टातील १६ हा आकडा दुर्लक्ष करण्यासारखा नाही. परंतु तो केव्हा आला आणि कोणाकडून आला, हे कोणतीही चाचणी सांगू शकत नाही. तो वर्षानुवर्षे मुकाट राहू शकतो आणि पुरुषांसाठी अशी नेहमीची तपासणीही नाही. आत्येसासूबाईंच्या प्रश्नाला वैद्यकशास्त्राचे उत्तर एवढेच आहे, आणि आपल्या यजमानांनी ते त्यांना सांगितले तर अधिक बरे.

बदल किती टिकतो, यावर पुढचे अवलंबून असते. नजरेखाली ठेवलेल्या सीआयएन २ च्या स्त्रियांचा एक मोठा एकत्रित आढावा २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार दोन वर्षांत सुमारे निम्म्या स्त्रियांचा बदल मागे हटला, सुमारे एकतृतीयांश स्त्रियांत तो तसाच राहिला आणि १०० पैकी साधारण १८ जणींत तो सीआयएन ३ किंवा त्यापुढे गेला. तिशीच्या आतील स्त्रियांत मागे हटण्याचे प्रमाण यापेक्षा चांगले होते. सीआयएन ३ ची गोष्ट वेगळी आहे. न्यूझीलंडमधील ऑकलंडच्या एका रुग्णालयात १९६० आणि १९७० च्या दशकांत अशा अनेक स्त्रियांवर पुरेसे उपचार न करता नुसती नजर ठेवली गेली. १९८८ मध्ये त्याची न्यायालयीन चौकशी पूर्ण झाली आणि पुढे त्या नोंदींवरून असे दिसले की ज्यांचा उपचार अपुरा राहिला त्यांच्यापैकी सुमारे ३१ टक्के स्त्रियांना ३० वर्षांत कर्करोग झाला. त्यामुळे सीआयएन ३ असेल तर मूल हवे असले तरी उपचार आधी, याबद्दल फारसे दुमत नाही.

म्हणूनच आपला दर्जा खरोखर २ आहे की नाही, याची खात्री करणे हे माझ्या मते पहिले काम आहे. सूक्ष्मदर्शकाखाली सीआयएन २ ओळखणे कठीण असते आणि दोन जाणकार पॅथॉलॉजिस्टही कधी कधी वेगळे मत देतात. ज्या लॅबमध्ये बायोप्सी तपासली तेथे अर्ज करून स्लाइड आणि तुकडा ज्यात बसवलेला असतो तो मेणाचा ब्लॉक मागून घ्या. ते मागण्यात संकोच करण्यासारखे काही नाही. कर्करोगाच्या मोठ्या रुग्णालयात किंवा स्त्रियांच्या पॅथॉलॉजीत मुरलेल्या तज्ज्ञाकडे ते दुसऱ्या मतासाठी द्या आणि पी१६ नावाची, पेशींना विशिष्ट रंग देऊन पाहण्याची चाचणी करून घ्या. दर्जाबद्दल शंका असेल तेथे तिची मदत होते.

दुसरी गोष्ट, कॉल्पोस्कोपीच्या कागदावर दोन आवरणांची सीमारेषा पूर्ण दिसली की नाही, हे लिहिलेले आहे का ते पाहा. ती रेषा आत, पिशवीच्या तोंडातल्या नळीत शिरलेली असेल आणि दिसत नसेल, तर आत काय दडले आहे ते कळत नाही. मग नजर ठेवण्याचा मार्ग बंद होतो आणि तो भाग काढून तपासणेच योग्य ठरते. रेषा पूर्ण दिसत असेल, नळीतील नमुना स्वच्छ असेल आणि आपण दर सहा महिन्यांनी कॉल्पोस्कोपी व चाचणीसाठी नक्की येऊ शकत असाल, तर नजर ठेवणे हा खरा पर्याय आहे. तो दोन वर्षांपर्यंत ताणता येतो. तेवढ्यात बदल गेला नाही तर उपचार करावे लागतात.

आता लूप आणि बाळंतपण. गर्भधारणेच्या शक्यतेवर लूपचा वाईट परिणाम झाल्याचे अभ्यासांत दिसलेले नाही. क्वचित एखादीचे तोंड व्रणामुळे आकसते आणि पाळी अडखळते, पण ते लक्षात येते आणि रुंद करता येते. कमी दिवसांच्या बाळंतपणाबद्दलची भीती मात्र निराधार नाही. कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यासांचे आढावे घेणाऱ्या संस्थेच्या २०१७ च्या आढाव्यात उपचार झालेल्या स्त्रियांपैकी १०.७ टक्के ३७ आठवड्यांच्या आत बाळंत झाल्या आणि न झालेल्यांपैकी ५.४ टक्के. म्हणजे प्रमाण जवळजवळ दुप्पट दिसते, परंतु उपचार झालेल्या १०० पैकी सुमारे ८९ जणींचे दिवस पूर्ण भरले, हेही त्याच आकड्यांत आहे. शिवाय ज्यांना हा बदल असतो त्यांच्यात, उपचार झालेले नसले तरी, लवकर बाळंत होण्याचे प्रमाण इतरांपेक्षा थोडे जास्तच असते, त्यामुळे सगळा दोष तारेच्या कडीवर टाकता येत नाही.

गोदाकाठ यांनी खोलीबद्दल लिहिले ते अगदी नेमके आहे. त्याच आढाव्यात १० ते १२ मिलिमीटरपर्यंत काढलेल्यांचा धोका सुमारे दीडपट आहे आणि २० मिलिमीटर किंवा त्याहून खोल गेलेल्यांचा जवळजवळ पाचपट. मुलाची इच्छा असलेल्या तरुण स्त्रीचे लूप कॉल्पोस्कोपखाली पाहत, गरजेपुरतेच काढणाऱ्या हाताने व्हावे, असे मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगत असे. उलट, फार वरवर काढून बदल मागे ठेवला तर दुसऱ्यांदा कापावे लागते, आणि दोनदा कापणे हे एकदा नीट कापण्यापेक्षा वाईट. बदल लहान असेल, पूर्ण दिसत असेल आणि कर्करोगाची शंका नसेल, तर थर्मल अॅब्लेशन म्हणजे उष्णता देऊन तो भाग जाळण्याचाही पर्याय असतो. अशा जाळण्याच्या किंवा गोठवण्याच्या उपचारांत बाळंतपणावरचा परिणाम कमी दिसतो, मात्र पॅथॉलॉजिस्टकडे पाठवायला तुकडा उरत नाही.

आपण नजर ठेवण्याचा मार्ग घेतला आणि त्या काळात दिवस राहिले, तर घाबरून जाऊ नये. गरोदरपणात कॉल्पोस्कोपी करता येते, गरज पडली तर बाहेरून लहान बायोप्सीही घेता येते. नळीतून खरवडून नमुना मात्र घेत नाहीत. कर्करोगाचीच शंका आली नाही तर लूप बाळंतपणानंतरपर्यंत पुढे ढकलतात, कारण नऊ महिन्यांत सीआयएन चा कर्करोग होणे फार दुर्मिळ आहे. बाळाला या बदलाने काही होत नाही. नवजाताच्या श्वासनलिकेत क्वचित गाठी येतात, त्या एचपीव्हीच्या ६ आणि ११ या प्रकारांमुळे, १६ मुळे नव्हे. एवढ्या कारणाने सिझेरियन करण्याचीही गरज नसते.

पिशवी काढण्याबद्दल स्पष्टच लिहितो. सीआयएन साठी पिशवी काढणे हा पहिला उपचार नाही, मूल झाल्यावरही नाही. ती काढली तरी योनीच्या वरच्या टोकाची तपासणी पुढे अनेक वर्षे करावीच लागते, त्यामुळे ‘कायमची कटकट मिटली’ हेही खरे नाही. ‘पिशवी खराब आहे, काढून टाका’ या वाक्याने आपल्याकडे किती तरुण बायकांची शरीरे अकाली थकवली, हे बीडच्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या बातम्यांनी २०१९ मध्ये साऱ्या महाराष्ट्राला दाखवले आहे.

शेवटी टाक्याबद्दल, कारण कोणीतरी तो विषय काढेलच. गर्भपिशवीचे तोंड अवेळी उघडू नये म्हणून टाका घालण्याची जी पद्धत जगभर शिकवली जाते, ती गोव्यात जन्मलेल्या आणि मुंबईत काम केलेल्या डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांनी १९५५ मध्ये मांडली. आरंभी ते धाग्याऐवजी रुग्णाच्या मांडीतील आवरणाची पट्टी वापरत. आपल्याकडचा वारसा आहे म्हणून अभिमान जरूर बाळगावा, परंतु लूप झाले एवढ्याच कारणाने सरसकट टाका घालू नये. आधी लांबी मोजावी. ती २५ मिलिमीटरच्या खाली गेली तर आधीच्या बाळंतपणांचा इतिहास पाहून प्रोजेस्टेरॉन की टाका ते ठरते.

माजघर, अमरावती

डॉक्टरसाहेब, आभारी आहे. बहिणीला फोन करून विचारले, तिचा सीआयएन १ होता. माझे आधीचे उत्तर कोणी प्रमाण मानू नये.

लीड्सकर, इंग्लंड

मी मूळची साताऱ्याची, येथे ११ वर्षे आहे. माझे लूप येथेच झाले, म्हणून येथील रीत सांगते. तिची नक्कल करता येईलच असे नाही, पण आपल्या डॉक्टरांना प्रश्न विचारताना तिचा उपयोग होईल. लूपनंतर सहा महिन्यांनी एचपीव्हीची चाचणी करतात आणि ती निगेटिव्ह आली की उपचार लागू पडला असे धरतात. गरोदर राहिल्यावर पहिल्याच भेटीत सुईण विचारते की लूप झाले आहे का, एकदा की अधिक वेळा, आणि १० मिलिमीटरपेक्षा खोल होते का. खोल असेल किंवा दोनदा झालेले असेल तर १८ ते २२ आठवड्यांच्या दरम्यान निदान एकदा आतून सोनोग्राफी करून लांबी पाहतात. माझे ८ मिलिमीटर होते. मला त्या यादीत घातलेच नाही आणि मुलगी ४० व्या आठवड्यात झाली. खरे सांगायचे तर मला त्या वेळी राग आला होता की माझ्याकडे कोणी लक्ष देत नाही. आईने पुण्याहून फोनवर रोज ‘अजून सोनोग्राफी का नाही?’ असे विचारून त्यात भर घातली.

आणखी एक. गरोदर असताना येथे नेहमीची पॅप तपासणी करत नाहीत, बाळंतपणानंतर १२ आठवड्यांनी करतात, कारण त्या काळात पेशी वेगळ्या दिसतात आणि रिपोर्ट वाचणे अवघड होते. म्हणून दिवस राहण्याआधीच तपासणी करून घेतलीत, हे तुम्ही योग्य केले.

नवी पालवी, पुणे

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला सात आठवडे लागले, कारण मध्ये बरेच काही झाले.

स्लाइड आणि ब्लॉक मागायला गेले तेव्हा काउंटरवरच्या मुलाने ‘कशाला हवेत?’ असे विचारले. डॉक्टरांच्या उत्तराची प्रिंट माझ्या पिशवीत होती, त्यामुळे मी न अडखळता ‘दुसऱ्या मतासाठी’ असे सांगितले. त्याने आगपेटीएवढ्या प्लास्टिकच्या डबीत ते दिले. एवढ्याशा डबीत आपले एवढे सगळे भविष्य, असे त्या क्षणी वाटले आणि ती मी घरी येईपर्यंत हातातच धरून ठेवली. दुसरे मतही सीआयएन २ असेच आले, पी१६ पॉझिटिव्ह, म्हणजे त्याला दुजोराच. सीमारेषा पूर्ण दिसत होती, म्हणजे दोन्ही मार्ग मला खुले होते.

आम्ही लूपचा मार्ग घेतला. नजर ठेवणे चुकीचे आहे म्हणून नव्हे. माझ्या यजमानांची बदली कधीही होऊ शकते, दर सहा महिन्यांची कॉल्पोस्कोपी मी चुकवणार नाही याची मलाच खात्री नव्हती, आणि १६ हा आकडा डोक्यात ठेवून नऊ महिने काढणे मला जमले नसते. दुसरी कोणी याच रिपोर्टवर वेगळे ठरवेल, ते मी आता समजू शकते. डॉक्टरांना आधी खोली विचारली. त्यांनी कागदावर छोटे चित्र काढून ८ ते ९ मिलिमीटर असे सांगितले. रिपोर्टात ९ मिलिमीटर आले आणि काढलेल्या तुकड्याच्या कडा स्वच्छ आहेत, म्हणजे कडेला बदल दिसला नाही. हा रिपोर्ट फाइलमध्ये अगदी वर लावला आहे.

आत्येसासूबाईंशी यजमान बोलले. काय बोलले ते मी विचारले नाही. गेल्या रविवारी त्यांनी स्वतःहून विचारले की ही तपासणी त्यांच्या वयाला, म्हणजे ५८ व्या वर्षी, करता येते का.

दोन शंका राहिल्या आहेत. दिवस राहण्यासाठी नेमके किती थांबावे, आणि एचपीव्हीची लस आता घेण्यात अर्थ आहे का?

निवृत्त डॉक्टर, मिरज

जखम चार ते सहा आठवड्यांत भरते, तरी सहा महिन्यांची एचपीव्ही चाचणी होईपर्यंत थांबावे असे मी सांगेन; ती निगेटिव्ह आली की गरोदरपणात या विषयाची टांगती तलवार राहत नाही. लूपनंतर वर्षाच्या आत दिवस राहिलेल्यांत गर्भपाताचे प्रमाण जास्त दिसल्याचे एक अमेरिकी निरीक्षण आहे. कमी दिवसांच्या बाळंतपणाशी मात्र त्या अंतराचा संबंध त्यात दिसला नव्हता. त्यामुळे आपल्या वयात सहा महिने हे मला पुरेसे वाटतात, पण सहा महिने भरण्याआधी, पाचव्यातच दिवस राहिले म्हणून रडत बसू नये.

लस आधीचा संसर्ग किंवा आधीचा बदल बरा करत नाही. इतर प्रकारांपासून पुढे संरक्षण मिळावे म्हणून ती घेता येते; पुण्यात तयार होणारी सर्व्हाव्हॅक ६, ११, १६ आणि १८ या चार प्रकारांसाठी आहे, पण आपल्या वयाला कोणती लस मान्य आहे ते आधी डॉक्टरांना विचारा. गरोदरपणात ती देत नाहीत. मधल्या सहा महिन्यांत आपल्या वयाच्या तीन मात्रा बसतात. एखादी राहिली आणि दिवस राहिले, तर ती बाळंतपणानंतर, अंगावर पाजत असतानाही घेता येते.

आत्येसासूबाईंना जरूर घेऊन जा. सरकारी कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची तपासणी धरलेली आहे. आपल्याच राज्यातल्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांवर जो अभ्यास झाला, त्यात ३० ते ५९ वयाच्याच स्त्रिया होत्या आणि आयुष्यात एकदा केलेल्या एचपीव्ही चाचणीने त्यांच्या गटातले या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. पाळी जाऊन बरीच वर्षे झाली असतील तर नुसते औषध लावून पाहण्याची तपासणी त्या वयात नीट वाचता येत नाही, कारण ती सीमारेषा आत सरकलेली असते. म्हणून त्यांच्यासाठी एचपीव्ही चाचणी किंवा पॅप मागा.

आणि चाचणीच्या तीन महिने आधीपासून आपण फोलिक अॅसिड सुरू केलेत तरी चालेल.